नावे कोणाच्या?

चि. बाळ हीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी झोपाळ्यावर बसून तू चहा गार केलास, सेव उसळीला हात लावला नाहीस, आणि निघताना दारात विचारलंस, "काका, मग चूक नक्की कशात असते? हेतूत, परिणामात, की नियम मोडण्यात?" हा काय दारात उभ्याने विचारायचा प्रश्न आहे? खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी "बघू" म्हणालो आणि रात्री दोनपर्यंत जागा राहिलो.

तुझी हकीगत आधी लिहून काढतो. औषध कंपनीची लॅब. नमुन्यांच्या फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ रजिस्टरात लिहायचं, २ ते ८ अंशांच्या आत हवं. सुट्टीच्या दिवशी ड्यूटीवरचा मुलगा आलाच नाही. त्याचे वडील दवाखान्यात, त्याची ही तिसरी चूक, नोकरी जाणार हे नक्की. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज ५ दाखवत होता. तू आदल्या दिवसाच्या रकान्यात ४.८ लिहिलंस आणि खाली सही केलीस. हेतू चांगला, नुकसान कोणाचं दिसत नाही, मोडला तो एक नियम. तरी झोप उडाली.

मी चाळीस वर्षं बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या कारखान्यांत हिशेब लिहिले. मला तत्त्वज्ञान येत नाही, जमा-नावे येतं. नावे म्हणजे खात्यावर पडलेलं देणं. एका खात्यात रक्कम जमा पडली की दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात ती नावे पडतेच. म्हणून कुठल्याही कृत्याबद्दल मी एवढंच विचारतो: जमा तुझ्या खात्यात झालं ते दिसतंय, नावे कोणाच्या पडलं? आणि त्याला विचारलं होतंस का?

तुझ्या ४.८ चं बघ. जमा: मित्राची नोकरी आणि तुझा चांगुलपणा. नावे: कुठल्यातरी गावात ती गोळी पाण्याबरोबर गिळणारी एक बाई. आदल्या दिवशी दुपारी वीज गेली होती की नाही, तुला ठाऊक नाही. तू म्हणालीस, "बहुतेक काही झालं नसेल." बहुतेक नसेलच. पण हा 'बहुतेक' तू तिच्या खात्यावर टाकलास, तिला न विचारता. तुझी झोप त्यानेच उडाली, नियमाने नव्हे.

कॉलेजात शिकलेली दोन नावंही तू घेतलीस. जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाचे लोक सगळ्यांच्या सुखाची बेरीज करायला सांगतात. बेरजेचा मला अनुभव आहे बरं. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेची बेरीज, दोन्हीकडे पैशापर्यंत जुळते आणि तरी एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात पडलेली असते. बेरीज ते सांगत नाही, खातं उघडावं लागतं. आणि दुसरा तत्त्वज्ञ कांट. १७९७ च्या एका लेखात त्याने म्हटलंय की तुमच्या घरात लपलेल्या मित्राला मारायला कोणी दारात आला, तरी त्याच्याशीही खोटं बोलू नये. खरं बोलण्याचं पुण्य घरमालकाच्या खात्यात जमा, आणि नावे आत लपलेल्याच्या. कांटवर मला हसायचा हक्क नाही. मी तेच केलंय.

१९८६ चं साल. कारखान्यात पंचमहालकडचा एक हमाल होता, सात महिने व्हाउचरवर रोजी घेत होता. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, त्याचं नाव मालकाने घातलं नव्हतं. मी दोनदा लेखी कळवलं होतं. एका गुरुवारी भरलेलं पिंप घसरलं आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मालक घामाघूम होऊन माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, आजच फॉर्म भरा, गेल्या महिन्याच्या एक तारखेपासून कामावर आहे असं दाखवा, सगळं सुरळीत होईल. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, खोटी तारीख माझ्या हातून पडणार नाही. मालक गप्प बसले आणि मग मालक लोक करतात ते केलं: पंधराशे रुपये, 'संपूर्ण हिशेब चुकता' असं व्हाउचर, आणि घरी रवाना.

ते व्हाउचर मीच लिहिलं. उजव्या हाताला कोपरापर्यंत पांढरं बँडेज. डावा अंगठा त्याने माझ्या शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर टेकवला, उचलून पाहिला आणि मला म्हणाला, "साहेब, आ तो बची गयो." हा तरी वाचला, असं हसत म्हणाला.

पुढे कितीतरी वर्षं मी ही गोष्ट माझ्या सचोटीची म्हणून सांगत असे. तुझ्या वडिलांनीही ऐकली असेल, त्यांना विचार. मग एका वकिलांनी मला कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ चं कलम ६८ दाखवलं. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा लाभ बुडत असेल, तर विमा महामंडळ तो लाभ कामगाराला देऊ शकत होतं आणि मालकाकडून वसूल करू शकत होतं. म्हणजे खोटी तारीख नकोच होती. खरी तारीख लिहायची होती, सात महिन्यांपूर्वीची. पुरावा माझ्याच ड्रॉवरमध्ये होता, अंगठ्यांसकट. पण ती खरी तारीख लिहिली असती तर दंड मालकाला बसला असता आणि नोकरी माझी गेली असती. खोटं नाकारायला मला काही पडत नव्हतं, म्हणून मी ते बाणेदारपणे नाकारलं. खरं लिहायला पडत होतं, म्हणून ते सुचलंच नाही. सुचलं नाही, की सुचू दिलं नाही? घरात दोन लहान मुलं होती, आईचं आजारपण होतं, कायद्याचं पुस्तक कोण वाचतं? हे सगळं खरं आहे. तरीही नावे कोणाच्या पडलं ते बघ.

तुझ्या-माझ्या गावाची यातली खाती जुनी आहेत. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आंबेडकर १९१७ मध्ये इथे नोकरीला आले. पारशी सराईतून लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं, तेव्हा ते दोन मित्रांकडे गेले. एक म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. लाठ्यावाल्यांचं सोड, त्यांच्यावर निबंध लिहिणं सोपं आहे. मी या दोघांचाच विचार करतो. दोघंही भले, दोघांनाही घर सांभाळायचं होतं. आणि रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत आंबेडकर कमाटी बागेत बसून राहिले. आपण तिथे भेळ खातो.

तेव्हा आता हेतू-परिणाम-नियम पुरे. उद्या आधी त्या मुलाला भेट आणि सांग की तू काय करणार आहेस. त्याच्या पाठीमागे करशील तर ते पुन्हा दुसऱ्याच्याच नावे. मग तुमच्याकडे 'लेट एंट्री' म्हणतात ती कर: आजची तारीख, आजची सही, "नोंद घेतली गेली नव्हती, आधी लिहिलेला आकडा मी अंदाजाने घातला." मेमो मिळेल. तो तुझ्या नावे पडू दे. त्याची नोकरी वाचवायची असेल तर त्याच्या वडिलांचं आजारपण घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये जा आणि तुझ्या तोंडाने बोल. ते करायला तुला भीती वाटते, हे मला रविवारीच दिसलं. ४.८ लिहिताना नव्हती वाटली ना?

रागावू नकोस. पुढच्या रविवारी ये, चहा गरम पी. आणि हो, मालकांना मी दोनदा लेखी कळवलं होतं. त्याच्या कार्बन कॉपी लोखंडी कपाटात आहेत, दाखवतो. व्हाउचरही तिथेच आहेत.

तुझा,
काका