सातबारा निघाला, पण गेला कुठे?

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील एका गावात मी गेली नऊ वर्षे सेवा केंद्र चालवतो. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज आणि हंगामात पीक विमा अशी सगळी कामे एकाच संगणकावर होतात. हा संगणक विंडोज ७ वर चालत होता. उन्हाळ्यात तो दुरुस्तीला दिला, तेव्हा कारागिराने न विचारताच नवे विंडोज टाकून दिले आणि त्यासोबत ब्राउझरही नवा आला. पूर्वी सातबाऱ्याची फाइल डाउनलोड झाली की पडद्याच्या तळाशी एक पट्टी येत असे. तिच्यावर क्लिक केले की उतारा उघडे आणि मी लगेच प्रिंट देत असे. आता ती पट्टी येत नाही. गेल्या आठवड्यात पीक कर्जासाठी आलेल्या एका काकांचा उतारा निघालाच नाही असे समजून मी तीनदा पैसे भरले, आणि संध्याकाळी पाहतो तर एकाच गट नंबरचे तीन उतारे संगणकात पडलेले. बुकमार्कची ओळ नाहीशी झाली आहे आणि अक्षरही बारीक दिसते. लोक रांगेत उभे राहून म्हणतात, ‘काल त बराबर निघत होता ना भाऊ!’ त्यांना काय सांगावे? जुनाच ब्राउझर परत टाकता येईल का?

उत्तर : तुमच्याकडे एक अपडेट आलेले नाही, कित्येक अपडेटे एकदम आलेली आहेत, आणि तुमच्या गोंधळाचे मूळ तेवढ्यातच आहे. ब्राउझरचे नाव तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून क्रोम आणि फायरफॉक्स या दोहोंविषयी लिहितो. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती आणि ती जानेवारी २०२३ मध्ये आली. फायरफॉक्सची त्या विंडोजवरची शेवटची आवृत्ती ११५, ती त्याच वर्षीच्या जुलैमधली. तुमच्या जुन्या संगणकावर ब्राउझरचे रूप तिथेच थांबून राहिले, बाहेर मात्र दर चार आठवड्यांच्या आसपास नवी आवृत्ती निघत होती. इतरांच्या अंगवळणी जे हळूहळू पडले, ते तुमच्यापुढे एका दुपारी येऊन उभे राहिले. त्यात तुमच्या हाताची काही चूक नाही.

तळाच्या पट्टीचे आधी पाहू, कारण तिच्यापायी तुमचे पैसे गेले आहेत. क्रोमने ही पट्टी २०२३ मध्ये काढून टाकली आणि तिच्या जागी पत्त्याच्या चौकटीच्या उजवीकडे, वरच्या कोपऱ्यात, खाली रोखलेल्या बाणाचे एक लहानसे चिन्ह आणले. फाइल उतरत असताना त्या चिन्हाभोवती गोल रेघ फिरते आणि काम झाले की थोड्या वेळाने सगळे शांत होते. नऊ वर्षे ज्याची नजर तळाशी जायची, त्याला ते दिसणार नाही हे उघड आहे. फायरफॉक्समध्येही ही खूण वरच असते, आणि मार्च २०२२ च्या ९८ व्या आवृत्तीपासून तो ‘फाइल उघडू की जतन करू’ असे न विचारता परस्पर उतरवून घेतो. तेव्हा पैसे भरल्यावर काहीच घडले नाही असे वाटले, तर पुन्हा बटण दाबण्याआधी कंट्रोल आणि जे या दोन कळा एकदम दाबाव्यात. उतरलेल्या फाइलींची यादी पुढ्यात येते आणि सर्वांत वरची फाइल बहुधा त्याच काकांची असते. डिजिटल सहीच्या प्रत्येक उताऱ्याला १५ रुपये लागतात; चुकून भरलेले ३० रुपये तुम्ही त्या काकांकडून घेतले नसतील असे मी गृहीत धरतो.

याहून पक्का उपाय सेटिंग्जमध्ये आहे. क्रोमच्या डाउनलोड विभागात ‘प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते आधी विचारा’ अशा अर्थाचा पर्याय आहे, तो चालू करावा; फायरफॉक्समध्येही तसाच पर्याय आहे. मग दर वेळी एक चौकट उघडेल, तीत गट नंबर आणि खातेदाराचे नाव टाकून फाइल जतन करता येईल. एकासारख्या एक नावांपुढे कंसात दोन, तीन असे आकडे लागलेल्या फाइलींच्या ढिगातून ‘आपला कोणता’ हे शोधत बसावे लागणार नाही. रांग मोठी असताना ही एक जादा पायरी जाचक वाटेल, पण तिसऱ्यांदा पैसे भरण्यापेक्षा ती परवडते.

पीडीएफ ब्राउझरमध्येच उघडावी की थेट उतरावी, हेही तुम्हाला ठरवता येते. क्रोममध्ये साइट सेटिंग्जच्या आत पीडीएफची वेगळी नोंद आहे, फायरफॉक्समध्ये सामान्य सेटिंग्जमधील ‘अ‍ॅप्लिकेशन्स’ या यादीत ती सापडते. बुकमार्कची ओळ कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळांनी परत दिसते. ओळ दिसली पण रिकामी असली, तर जुनी डिस्क अजून जवळ आहे का ते कारागिराला विचारावे. पुढच्या वेळी मात्र संगणक दुरुस्तीला देण्यापूर्वी बुकमार्क मॅनेजरमधून सगळे दुवे एका फाइलमध्ये निर्यात करून पेनड्राइव्हवर ठेवावेत. अक्षर मोठे करण्यासाठी कंट्रोल आणि अधिकची कळ पुरते. ब्राउझर हा आकार त्या त्या संकेतस्थळापुरता लक्षात ठेवतो.

जुना ब्राउझर परत टाकण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. नव्या आवृत्तीत केवळ रूप बदलत नाही. मागच्या आवृत्तीत सापडलेली सुरक्षेची भगदाडे त्यात बुजवलेली असतात, आणि ती बुजवली की जुन्या आवृत्तीत ती नेमकी कुठे आहेत हे चोरालाही कळते. तुमच्या संगणकावर गावाचे आधार क्रमांक, बँक खाती आणि ओटीपी येतात, त्यामुळे हा धोका तुमच्या एकट्याचा राहत नाही. शिवाय मागे जाणे सोपेही नाही. फायरफॉक्स २०१९ पासून नव्या आवृत्तीने वापरलेली माहिती जुन्या आवृत्तीत उघडूच देत नाही, कोरे प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क आणि सेटिंग्ज नसलेली नवी सुरुवात, पुढे करतो. क्रोममध्ये प्रयोगासाठी ठेवलेल्या ‘फ्लॅग्ज’ नावाच्या पानावरून जुने रूप परत आणण्याची युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेल. २०२३ मध्ये गोल कडांचे नवे रूप आले तेव्हाही अनेकांनी ती वापरली, आणि काही महिन्यांनी ते फ्लॅगच काढून टाकल्यावर त्यांची पंचाईत झाली. दोन महिन्यांच्या सोयीसाठी मी त्या वाटेला जाणार नाही.

वरचेवर होणाऱ्या बदलांचाच तुम्हाला त्रास असेल, तर फायरफॉक्सची ‘ईएसआर’ नावाची आवृत्ती पाहावी. संस्थांसाठी काढलेल्या या आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या नियमित येतात, पण रूप आणि सोयींमधले मोठे बदल साधारण वर्षातून एकदाच येतात. तुमची नेहमीची संकेतस्थळे आणि डिजिटल सहीची साधने तिच्यावर चालतात का, हे आधी तपासून घ्यावे. दोन ब्राउझर ठेवण्याचा आणखी एक उपयोग आहे : एखादे पान नीट उघडले नाही, तर तेच दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडावे. तिथेही तोच अडथळा आला तर बहुधा संकेतस्थळ बदललेले असते, आणि तुमच्या सेटिंग्जशी झगडण्यात अर्थ नसतो.

राहिली गोष्ट वेळेची. ब्राउझर अपडेट मागल्या मागे उतरवून ठेवतो आणि तो बंद करून पुन्हा उघडला की ते लागू होते. कोपऱ्यात अपडेटची सूचना दिसली तर भरदुपारी, रांग उभी असताना, तिला हात लावू नये. संध्याकाळी केंद्र बंद करताना ब्राउझर पुन्हा सुरू करावा आणि महाभूलेख या राज्याच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर स्वतःच्याच शेताचा विनासहीचा उतारा उघडून त्याची एक प्रिंट काढून पाहावी. त्याला पैसे पडत नाहीत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल, तर विंडोजमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड’ (म्हणजे डेटा मोजून मिळणारी) अशी खूण करावी, म्हणजे निदान विंडोजची मोठी अपडेटे दिवसाचा डेटा सकाळीच संपवणार नाहीत. रांगेतल्या लोकांना ‘आज नवे यंत्र आहे, पाच मिनिटे जास्त लागतील’ एवढे सांगितले तरी ते थांबतात. न सांगता तीनदा बटण दाबणाऱ्यावर मात्र त्यांचा भरवसा उडतो.

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. क्रोममध्ये जाहिराती अडवणारे एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, मुलाने बसवून दिले होते. ते आपोआप बंद झाले आणि आता बातमी वाचताना निम्मे पान जाहिरातींनी भरते. माझ्याकडून काही चुकीचे दाबले गेले का?

उत्तर : नाही, ताई. क्रोमने एक्स्टेन्शनसाठीचे नियम बदलले, आणि जुन्या नियमांवर बेतलेली एक्स्टेन्शने २०२४ च्या उत्तरार्धापासून टप्प्याटप्प्याने बंद केली. जाहिरात अडवणारी काही लोकप्रिय एक्स्टेन्शने त्यातच गेली. त्यांतल्या काहींच्या नव्या नियमांत बसणाऱ्या हलक्या आवृत्त्या निघाल्या आहेत. त्या पूर्वीइतक्या कसून काम करत नाहीत, पण बातम्या वाचण्यापुरत्या बऱ्याचदा पुरतात. तेवढ्याने समाधान झाले नाही तर फायरफॉक्स बसवून घ्यावा. तिथे जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शने अजून चालतात आणि क्रोममधले बुकमार्क आयातही करता येतात. नवे एक्स्टेन्शन घेताना ते ब्राउझरच्या अधिकृत दालनातूनच घ्यावे आणि बनवणाऱ्याचे नाव मुलाकडून फोनवर एकदा पडताळून घ्यावे, कारण प्रसिद्ध नावांशी मिळतीजुळती नावे घेतलेली नकली एक्स्टेन्शने पुष्कळ फिरत असतात.