आजोबांचा तोल सांभाळणाऱ्या ताईंसारखं मलाही व्हायचंय

प्रश्न : मी बारावीत आहे. पक्षाघातानंतर आजोबा बसले की डावीकडे कलतात. सरळ करायला गेलं तर उलटा जोर लावतात. त्यांच्याकडे येणाऱ्या ताईंचं काम पाहून मलाही फिजिओथेरपी करावीशी वाटते. बाबा म्हणतात, ‘व्यायाम करून घ्यायला एवढं शिकायचं कशाला?’

उत्तर : बाबांना आधी त्या उलट्या जोराचं कारण सांग. पक्षाघातानंतर काही रुग्णांची ‘मी सरळ आहे’ ही जाणीवच कलते. त्यांना मध्यावर आणू लागलं की आपण पडतोय असं वाटतं आणि ते चांगल्या हातापायाने रेटतात. याला ‘पुशर सिंड्रोम’ म्हणतात. आजोबांचं नेमकं तेच आहे का, हे ताईच तपासून सांगू शकतील. असेल तर नुसते ताकदीचे व्यायाम पुरत नाहीत. अशा रुग्णांची नजर बहुधा दगा देत नाही, म्हणून आरसा किंवा दाराची उभी चौकट दाखवून शरीर तिच्याशी जुळवायला शिकवतात.

तोल जाण्याची कारणं इतरही असतात : घोटा लुळा पडणं, तळव्याला जमीन न जाणवणं, एका बाजूचं भानच नसणं. कारण बदललं की उपचार बदलतो. तोल तपासण्याच्या ‘बर्ग बॅलन्स स्केल’ या चाचणीत 14 कृती आणि 56 गुण असतात. खुर्चीतून उठणं, डोळे मिटून उभं राहणं, मागे वळून बघणं वगैरे. गुण मोजता कुणालाही येतील. रुग्ण कुठे अडतो आणि का, हे हेरायला मात्र शिक्षणच लागतं.

आता तुझ्याबद्दल. पक्षाघाताच्या रुग्णात सुधारणा साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांत वेगाने होते, पुढे रेंगाळते. तेच उठणं-बसणं पुन्हा पुन्हा करून घ्यायचं, आधार किती सोडायचा हे क्षणात ठरवायचं, रडणाऱ्या किंवा बोलता न येणाऱ्या माणसाला धीर द्यायचा. झटपट निकाल हवा असणाऱ्याला हे काम सोसत नाही (माझं तरी स्पष्ट मत आहे). आजोबांवरची माया बाजूला ठेवूनही ते आवडतं का, हे बघ. ताईंना विचारून, रुग्णांच्या परवानगीने, अनोळखी रुग्णांची काही सत्रं पाहा. शिवाय मेंदूच्या आजारांआधी स्नायू, सांधे, हृदय, फुप्फुसं सगळंच अभ्यासावं लागतं.

आणि हो, आजोबांना उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका. खांदा निसटू शकतो. आधार कुठे द्यायचा, ते घरातल्या सगळ्यांनी ताईंकडून शिकून घ्या.