लिस्टर इंजिनाचे फ्लायव्हील पुलरनेही निघत नाही, काय करावे?

आपल्या वर्णनावरून परिस्थिती अशी दिसते की विहिरीवरचे लिस्टर पद्धतीचे जुने, 6 अश्वशक्तीचे इंजिन आपण ओव्हरहॉलिंगसाठी उघडले आहे, क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, काढण्यासाठी त्याच्या दोन टोकांवरची दोन्ही फ्लायव्हील (जड चाके) उतरवणे भाग आहे आणि त्यांतले एक चाक पुलर, म्हणजे चाक ओढून काढण्याचे अवजार, लावूनही तसूभर हलत नाही.

पुलर आधी काढून ठेवावा. या इंजिनात चाक शाफ्टवर पक्के धरून ठेवते ती डोके असलेली निमुळती चावी, म्हणजे गिब की. तिचा उतार साधारणपणे 100 ला 1 असतो, म्हणजे 100 मिलिमीटर लांबीत तिची जाडी जेमतेम 1 मिलिमीटरने बदलते. जाड टोक बाहेर आणि बारीक टोक इंजिनाकडे असल्यामुळे चाक बाहेर ओढले की ते चावीच्या जाड भागावर चढते आणि पकड सैल होण्याऐवजी आवळत जाते.

म्हणून पहिले ठोके चाक आत सरकवण्यासाठी द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हब, म्हणजे चाकाचा शाफ्टवर बसणारा मधला भाग, आणि बेअरिंगच्या घराच्या मध्ये थोडी फट आहे ना, हे बॅटरीच्या उजेडात पाहून घ्यावे; फट नसेल तर हा उपाय करू नये. चावीच्या खाचेत आणि हबच्या दोन्ही बाजूंना गंज सोडवणारे तेल सोडून ते रात्रभर मुरू द्यावे. मग हबवर कठीण लाकडाचा ठोकळा धरून घणाचे नेमके, आखूड ठोके द्यावेत, आणि त्याच वेळी शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला लाकूड लावून एकाने जड घण टेकवून धरावा, म्हणजे ठोक्याचा मार बेअरिंगवर जाणार नाही. धावेवर किंवा आऱ्यांवर मुळीच मारू नये. चाक बिडाचे असते आणि बिडाला गेलेली बारीक चीर इंजिन पूर्ण वेगात फिरू लागल्यावरच आपला प्रताप दाखवते.

चाक केसभर जरी आत गेले, तरी चावी बहुधा सुटते. त्यानंतर चावीचे डोके आणि हब यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी एकेक पोलादी पाचर घालून त्या आळीपाळीने ठोकाव्यात. पाचरी चावीच्या अंगाला अगदी चिकटून बसल्या पाहिजेत, कारण डोक्याच्या कडेवर जोर आला की डोके वाकते किंवा तुटून हातात येते. तसे झालेच, तर चावीच्या टोकाला भोक पाडून आटे काढावेत आणि त्यात बोल्ट पिळून चावी सरकत्या वजनाच्या झटक्यांनी ओढावी.

एवढे करूनही चावी दाद देत नसेल, तर हबला उष्णता द्यावी. मात्र आधी सांडलेले तेल नीट पुसून घ्यावे, ज्योत एका जागी न धरता हबभोवती सारखी फिरवावी, आणि पाण्याचा थेंब पडताच चरचरून उडाला की तेवढे तापणे पुरे समजावे. लालसर रंग येऊ देऊ नये. गरम बिडावर पाणी तर ओतूच नये.

चावी निघाली तरी चाक लगेच सुटेल असे नाही. शाफ्टच्या बाहेर आलेल्या भागावरचा गंज आणि रंग पॉलिश पेपरने घासून काढावा, डावे-उजवे ओळखण्यासाठी खूण करावी, आणि शंभर किलोच्या आसपासचे हे धूड चेन ब्लॉकवर, म्हणजे वजन उचलण्याच्या साखळीच्या कप्पीवर, तोलूनच सरकवावे.

परत बसवताना वाकलेली चावी वापरू नये. नवी चावी टर्नरकडून करून घ्यावी आणि तिच्यावर निळ्या रंगाचा पातळ हात देऊन ती वरखाली पूर्ण लांबीत टेकते का, हे तपासावे. सैल चावीचा ठोका कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगच्या आवाजासारखाच ऐकू येतो आणि त्यापायी चांगली बेअरिंगही विनाकारण बदलली जातात. चावी पूर्ण ठोकून झाल्यावर तिचे डोके आणि हब यांच्यात बोटाएवढी मोकळी जागा राहील इतकी तिची लांबी ठेवायला टर्नरला सांगावे, म्हणजे पुढच्या वेळी पाचर सहज शिरेल.