वही तिला परत द्या

प्रश्न : मुलीला नीटमध्ये दुसऱ्या वेळी ४३१ गुण पडले. तिसऱ्यांदा बसवायचं आम्ही ठरवलंय. ती म्हणते, मला साथींचा माग काढायचाय. इतवारीतल्या आमच्या धान्य दुकानामागे मेलेला उंदीर दिसला, की तारीख आणि जागा वहीत लिहिते. ती वही मी काढून घेतली. हा नाद सुटावा म्हणून काय करू? – एक वडील, नागपूर

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र इथे कापून छापलंय. मूळ चार पानांत 'आम्ही ठरवलंय' सात वेळा आलंय, शेजाऱ्यांच्या मुलाची मेडिकलची सीट तीनदा आणि मुलीचं स्वतःचं वाक्य एकदाच. मला काळजी वाटते ती ४३१ची नाही, याची.

दोन वर्षं ट्यूशन आणि टेस्ट सिरीजमध्ये पिळून निघालेली मुलगी कुणी न सांगता नोंदी ठेवते. माझ्यासमोर बसणाऱ्या कित्येक मुलांना आपल्याला काय आवडतं, एवढंही सांगता येत नाही. आणि तुम्ही वही कपाटात टाकली!

प्लेगच्या दिवसांत 'उंदीर पडले' असं कानावर आलं, की लोक घरं सोडून रानात झोपड्या टाकत. १९९४मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावातही माणसांना प्लेगच्या गाठी येण्याआधी उंदीर मरत होते, घरांत पिसवा झाल्या होत्या. तुमची मुलगी तेच टिपतेय.

आता तुमचा गैरसमज. रोगाचा माग काढायला एमबीबीएसच लागतं, असं नाही. डॉक्टरकडे रोगी येतो तोवर साथ उंदरातून पिसवेत आणि पिसवेतून घरात आलेली असते. त्याआधीचं काम वेगळं आहे : पिंजरे लावून उंदीर धरायचे, विंचरून त्यांच्या अंगावरच्या पिसवा मोजायच्या. प्लेग पसरवणाऱ्या जातीच्या पिसवा उंदरामागे सरासरी एकापेक्षा जास्त निघाल्या, की धोक्याची खूण. हे काम कीटकशास्त्रज्ञ करतात, पशुवैद्यक करतात आणि आकडे जुळवणारे संख्याशास्त्राचे लोकही करतात. (स्क्रब टायफस हा ताप पिसवांमुळे होतो, असं तुम्ही लिहिलंय. तो माइट नावाच्या बारीक जिवाच्या अळ्या चावल्यानं होतो. तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.)

वाटा थोडक्यात : नीटच्या गुणांवर पशुवैद्यकीयचा अर्ज होतो, कॉलेज सेमिनरी हिल्सवर आहे. नाहीतर प्राणिशास्त्रात बीएस्सी करून पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमध्ये सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राची एमएस्सी. पगार डॉक्टरइतका नसेल, हे आधीच सांगतो. तिसऱ्यांदा नीट द्यायची तर ते तिनं म्हणावं. पुढचं पत्र तिच्या हातचं पाठवा.

वही आज रात्रीच द्या. एकच बजावा : मेलेल्या उंदराजवळ जायचं नाही. अंग थंड पडलं की पिसवा त्याला सोडून दुसरं ऊबदार अंग शोधतात. लांबून नोंद करायची आणि एकाच जागी दोन-तीन उंदीर दिसले, तर मनपाच्या आरोग्य विभागाला कळवायचं. तो फोन तुम्ही करा, दुकान तुमचं आहे.