साउथवेस्टच्या विमानात कुटुंबाला शेजारी-शेजारी जागा कशा मिळतील?

सर्वांची तिकिटे एकाच आरक्षणात काढावीत आणि जागा त्याच वेळी निवडाव्यात, कारण ‘जो आधी चढेल त्याची जागा’ ही साउथवेस्टची जुनी पद्धत आता उरलेली नाही. या अमेरिकी कंपनीने २७ जानेवारी २०२६ पासून प्रत्येक प्रवाशाला ठरावीक आसनक्रमांक देणे सुरू केल्यामुळे, सहा वर्षांपर्यंतच्या मुलासह पालकांना ‘ए’ गटानंतर आणि ‘बी’ गटापूर्वी विमानात चढू देणारी जी सवलत जुन्या लेखांत अजूनही सुचवलेली आढळते, तिच्यावर विसंबून एकत्र जागा मिळणार नाहीत. मात्र सर्वांत स्वस्त ‘बेसिक’ तिकिटावर आसन चेक-इनच्या वेळी कंपनीच ठरवते. लहान मूल सोबत असल्यास ही बचत, माझ्या मते, टाळावी.