साठ फूट जाळीचे कुंपण

प्रश्न : परसातील भाजीच्या वाफ्याला एका बाजूने घराची भिंत आहे. जाळी ६० फूट आहे. उरलेल्या तिन्ही बाजू २० फूट घेतल्यास सर्वाधिक जागा मिळेल ना?

उत्तर : नाही, जरी हा समज फार रूढ असला तरी. भिंतीला काटकोनात येणारी बाजू क्ष फूट मानल्यास समोरची बाजू ६० − २क्ष उरते आणि क्षेत्रफळ हे क्षचे फल, म्हणजे क्षच्या किमतीवर ठरणारी राशी, ठरते : ६०क्ष − २क्ष². आपल्या २० बाय २० वाफ्याचे ४०० चौरस फूट त्यात मांडल्यास क्ष² − ३०क्ष + २०० = ० हे वर्गसमीकरण मिळते, ज्याची मुळे १० आणि २० आहेत; म्हणजे १० बाय ४० फुटांचा लांबट वाफाही तेवढाच भरतो. या क्षेत्रफळाचा आलेख म्हणजे अन्वस्त, एक कमानीसारखी वक्ररेषा; तिचे शिखर, म्हणजे सर्वाधिक क्षेत्रफळ, या दोन मुळांच्या बरोबर मध्ये, १५ वर असते. तेव्हा १५ बाय ३० घ्यावे, ४५० चौरस फूट मिळतील. फाटक वेगळे बसवणार असाल, तर त्याची रुंदी आधी ६० मध्ये मिळवावी.