‘मशीनने उचललं, तर माझी सेवा कुठे राहिली?’

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरी सगळं करणारे लोक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं, “मॅडम, लिफ्ट आणलीय, पण घरात जागाच नाही हो.” लिफ्ट म्हणजे पेशंटला झोळीत घेऊन पलंगावरून खुर्चीत ठेवणारं चाकांचं यंत्र. पुण्यातल्या वन बीएचकेत ही अडचण अजिबात खोटी नसते. पण माझा अनुभव असा, की जागेची तक्रार पुढे उभी असते आणि खरी बोच तिच्यामागे दडलेली असते.

धायरीच्या एका काकूंचंच बघा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पक्षाघातात काकांची डावी बाजू गेलेली, बोलणं सावकाश, पण स्पष्ट. परदेशातल्या मुलाने हौसेने लिफ्ट घेऊन दिली. ती गॅलरीत उभी आणि तिच्या दांड्यावर टॉवेल वाळत. काकू मात्र कंबरेला पट्टा बांधून, काकांच्या काखेत हात घालून त्यांना उठवायच्या.

“समजा, उद्या तुमचा हॉल दुप्पट झाला,” मी विचारलं, “मग वापराल?”

काकू बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “नाही. नवऱ्याला सामानासारखं टांगायचं? माझे हात चालतायत तोवर मीच करणार.”

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ विचार मानते. घटनेपेक्षा तिच्याबद्दल आपण मनाशी धरलेली सक्ती आपल्याला जास्त छळते, असं ते सांगत. काकूंची सक्ती स्पष्टच होती: प्रेम असेल तर ते अंगमेहनतीतूनच दिसलं पाहिजे. मी त्यांना एक आकडा सांगितला. अमेरिकेतल्या नायॉश या, कामाच्या जागच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या संशोधकाने 2007 मध्ये पेशंटला हातांनी उचलण्याची मर्यादा मांडली, ती 35 पौंड, म्हणजे जेमतेम 16 किलो. काकांचं वजन सत्तर किलोच्या आसपास. काकू म्हणाल्या, “ते नर्सेससाठी. मी बायको आहे.”

“काकांना विचारलंत?”

“त्यांना काय विचारायचं? त्यांना नाहीच आवडणार.”

इथे मी थांबले आणि पुढची भेट त्यांच्या घरी ठरवली.

काकांच्या उशाशी पाण्याचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला. दुपारचे चार वाजून गेले होते. मी विचारलं, “काका, काकू तुम्हाला उचलतात तेव्हा मनात काय येतं?”

त्यांनी तांब्याकडे पाहिलं. “दुपारनंतर मी पाणी पीत नाही. कमी प्यायलं की कमी वेळा उठावं लागतं. रात्री ही कण्हते. तिला वाटतं, मी झोपलोय.”

काकूंचा चेहरा उतरला. लघवीचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा का होतंय म्हणून त्या हैराण होत्या, डॉक्टर पाणी वाढवा म्हणून सांगत होते, आणि रोज संध्याकाळी भरलेला तांब्या तसाच परत जात होता. “अहो, मग बोलायचं नाही का?” एवढंच त्या म्हणाल्या. मी मुद्दाम मध्ये पडले नाही. अशा वेळी समुपदेशकाला धीर देण्याचा मोह होतो. तो आवरायला मी शिकले आहे आणि त्या दिवशी ते कामी आलं. कारण काका पुढे बोलले, “तू उचलतेस तेव्हा मी डोळे मिटून घेतो. दोघंही पडू असं वाटतं. मशीनची मला लाज नाही गं.”

काकू त्यांचा मान जपत होत्या, काका तहान मारून त्यांची कंबर जपत होते, आणि एकमेकांना कुणीच विचारलं नव्हतं. आजाऱ्याच्या वतीने आपण किती गोष्टी परस्पर ठरवून टाकतो!

मग मी सुचवलं, आधी काकूंनी स्वतः झोळीत बसून बघावं. भाच्याने बटण दाबलं. दोन फूट वर जाताच त्या म्हणाल्या, “मान मागे जातेय. ह्यांना डोक्याला आधार असलेली झोळी हवी.” तक्रार करणारी बाई क्षणात जाणकार झाली.

जागेचा प्रश्न त्यानंतर सुटला, कारण तो आता फक्त जागेचाच उरला होता. त्यांचा दिवाण खाली बंद होता. लिफ्टचे पाय पलंगाखाली शिरावे लागतात, म्हणून उंच पायांची कॉट भाड्याने आली आणि टीपॉय आत गेला. बाथरूमच्या उंबऱ्यावरून माणूस लटकवलेली लिफ्ट कधीही ओढू नका. त्यांनी कमोडची खुर्ची कॉटलगतच ठेवली.

तुमच्याकडे लिफ्ट येणार असेल, तर पलंगाखालची मोकळी उंची आणि वळायला लागणारी जागा आधी टेपने मोजा, आणि शक्यतो महिनाभर भाड्याने वापरून बघा. उचलताना लिफ्टचे पाय फाकवलेले हवेत आणि व्हीलचेअरचा ब्रेक लावलेला. लिफ्टच्या स्वतःच्या चाकांचा ब्रेक मात्र उचलताना बहुधा मोकळा ठेवतात, म्हणजे ती वजनाखाली आपोआप सरकून तोल साधते. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत काय म्हटलंय ते पाहून घ्या. झोळीची शिवण रोज तपासा, उसवली असेल तर ती झोळी वापरूच नका. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलावून समोर करवून घ्या. सुरुवातीला दोघं जण असा, आणि झोळी वर जात असताना एकाने पेशंटच्या समोर उभं राहून त्याच्याशी बोलत राहा.